दुसरी वायर

“एका डब्यातून निघायचं आणि दुसऱ्या डब्यात शिरायचं. एवढ्या कामाला दोन वायरी कशाला गं? एकटीला वाटेत भीती वाटते का?”

गादीवरनं मी विचारलं. माझी सून प्रणिता पितळी घंगाळांच्या मधोमध फरशीवर मांडी घालून बसली होती. दातांत स्क्रू, हातात पकड आणि पुढ्यात काळा पत्र्याचा डबा. डब्याला पुढच्या बाजूनं चोवीस भोकं. ती त्याला स्विच म्हणायची.

“आमच्याकडं स्विच दाबला की दिवा लागतो,” मी म्हटलं. “तुझा हा दाबायचा कुठं?”

तिनं दातांतला स्क्रू काढला. “हा दाबायचा नसतो, जिजी. ह्याला समजावून सांगायचं असतं.”

“मग समजावून सांगितलेलं कळणारा ह्या घरातला हा पहिलाच.”

काउंटरवरून माझ्या मुलानं, दिगंबरनं, मान वर केली. “माझ्यावर कशाला घेतेस, जिजी?”

“मी नाव घेतलं नव्हतं. तू का वर बघितलंस?”

गणूमामा हातातली कळशी पुसता पुसता हसले आणि मी बघतेय म्हटल्यावर खोकले.

बार्शीत आमचं भांड्यांचं दुकान आहे, वेळापुरे आणि मंडळी. आमचे हे गेले तेव्हा एका खणाचं होतं. वरचे मजले मी चढवले. खाली पितळ-तांबं आणि बिलाचे तीन काउंटर, वर स्टील, आणि त्याच्याही वर भांड्यांवर नावं घालायची खोली. माझी शाळा तिसरीपर्यंत. पुढची अक्षरं मी छिन्नी-हातोडीनं शिकले, लोकांच्या भांड्यांवर. ‘ज्ञ’ मला पानगावच्या ज्ञानोबा पाटलांच्या परातीवर आला. त्याच्या आधीचा एक चुकलेला ‘ज्ञ’ त्यांच्या व्याह्यांच्या घरी अजून वरण वाढतोय. पुढं नावं घालायला गणूमामा आले, मग मशीन आलं, आणि मी गादीवर बसले ती बसलेच.

त्या दिवाळीत दिगूनं दुकानात सोळा कॅमेरे बसवले. तेव्हापासून गर्दीच्या दिवशी बिलाचं कॉम्प्युटर बसायला लागलं. गिऱ्हाईक भांडी घेऊन उभं आणि पडद्यावर नुसतं गोल चाक फिरतंय. दिगू म्हणाला, सोलापूरहून माणूस आणू. प्रणिता म्हणाली, मी करते.

तिनं लग्नाआधी पुण्यात एका कंपनीत सहा वर्षं हेच काम केलं होतं. आमच्याकडं येऊन दोन वर्षं झाली होती आणि बाईचे हात शिवशिवत होते. तिला वरची नावं घालायची खोली हवी होती. तिथं बसून गावातल्या दवाखान्यांची आणि पतसंस्थांची असली कामं करायची होती. दिगूचं म्हणणं, वेळापुऱ्यांची सून लोकांच्या दारात शिडी लावून चढणार, बरं दिसत नाही. खोली माझ्या नावावर, म्हणून खटला माझ्यापुढं आला.

“हे बघ,” मी तिला म्हटलं, “येत्या रविवारी लग्नाची दाट तिथी आहे. ह्या हंगामातला सगळ्यात मोठा दिवस. त्या दिवशी बिल एकदाही अडलं नाही, तर खोली तुझी. गणूमामांचे गुडघे तसेही जिन्यावर बोलायला लागलेत, ते खाली खिडकीशी बसतील. पण बिल अडलं, तर ओढणी कमरेला बांधून काउंटरला उभं राहायचं आणि पुन्हा खोलीचं नाव काढायचं नाही.”

“चालेल,” ती म्हणाली. “पण मध्ये तुम्ही हात घालायचा नाही.”

“मला काय त्या वायरींची हौस आहे?”

तर त्या वायरींचं कोडं. एक डबा तिनं खाली बसवला, एक वरच्या खोलीत, आणि खालून वर दोन वायरी नेल्या. मी पुन्हा विचारलं तेव्हा ती पकड ठेवून गादीच्या कडेला येऊन टेकली.

“जिजी, लग्नात वरणाचा मोठा हंडा कसा उचलतात?”

“दोघं. दोन कड्या धरून.”

“तशा ह्या दोन वायरी. काम दोघींत वाटलं जातं आणि एकीचा हात सुटलाच तर दुसरी धरून ठेवते. फक्त आपण दोघी मिळून एकच हंडा उचलतोय, हे दोन्हीकडच्या डब्यांना आधी सांगावं लागतं.”

“आणि नाही सांगितलं तर?”

“वरण सांडतं.”

“बरं. आणि कॅमेरे, बिलं आणि गिऱ्हाइकांच्या मोबाइलचं ते वायफाय, सगळं ह्याच वायरींतून जाणार. म्हणजे कालवाकालव आलीच की.”

“गल्लीतल्या जेवणावळीला सगळ्या घरांची भांडी एकाच हौदावर घासायला पडतात. तरी ज्याची त्याच्या घरी कशी जातात?”

“नावं घातलेली असतात म्हणून.”

“मीही नावंच घालणार आहे. कॅमेऱ्याच्या निरोपावर कॅमेऱ्याचं, बिलाच्या निरोपावर बिलाचं. जातील एका वायरीतून, पण वर पोचल्यावर एकमेकांच्या घरात शिरणार नाहीत. आमच्यात त्याला व्हीलॅन म्हणतात.”

मी चाळीस वर्षं नावं घातलेली बाई. मला ते पहिल्या वाक्यातच कळलं होतं. पण कळलं म्हणून लगेच मान डोलावली तर सून डोक्यावर बसते.

“अक्षर तरी नीट काढ म्हणजे झालं,” मी म्हटलं.

शनिवारी संध्याकाळी तिचं काम संपत आलं आणि लाइट गेली. ती खाली आली, केसांत जळमट, कपाळाला काळं.

“नावं घालून झालीत,” तिनं सगळ्यांना सांगितलं. “एका वायरीवर सगळं नीट चाललंय, उद्याचा दिवस आरामात निघेल. दोन्ही वायरींची जोडी बांधायची तेवढी राहिलीय, ती सोमवारी. दुसरी वायर वर डब्याशेजारी लोंबती ठेवलीय. तिला कोणी हात लावू नका.”

मी ऐकलं. पण ‘कोणी’ म्हणजे दुकानातली नोकरमाणसं, असं मी धरलं. मालकिणीला कोणी ‘कोणी’ म्हणत नाही.

रविवारी सकाळी नेहमीप्रमाणं उदबत्ती घेऊन मी खालून वर फेरी मारली. ही माझी रोजची रीत. वाटेत जे वाकडं दिसेल ते सरळ करायचं, जे उपडं असेल ते उताणं. आणि आमच्या दुकानात एक नेम आहे: समई कधी सुटी ठेवायची नाही. जोडी मोडली तर दुसरी येईपर्यंत ती कपाटात. मांडायची ती जोडीनं, लाल दोऱ्यानं बांधून. तो दोरा मी बांधते. दोन वेढे, मधून एक घेऊन वर कळी. ती गाठ माझ्या सासूनं मला दिली. दुकानात दुसऱ्या कुणाला ती येत नाही आणि मी कुणाला शिकवलीही नव्हती.

वरच्या खोलीत गेले. अजून कुणी आलं नव्हतं. डब्याला उदबत्ती ओवाळली, तर बाजूला ती दुसरी वायर मान टाकून लोंबत होती. तिच्या बहिणीसारखीच पांढरी, टोकाला तसाच काचेचा दात. बहीण भोकात बसलेली आणि बहिणीशेजारचं भोक रिकामं. मुहूर्ताचा दिवस, नवीन वस्तू, आणि जोडी अशी मोडलेली. मला बघवेना.

मी लावली. टक् करून बसली. इतकं गोड बसली की मला वाटलं, हिला हेच हवं होतं. मग कनवटीचा लाल दोरा काढला, दोन्ही वायरी जवळ घेतल्या आणि छान कळी काढून बांधल्या. जोडी बांधायची राहिलीय म्हणत होती ना, म्हटलं तिचं तेवढं काम कमी.

मी खाली येऊन गादीवर बसते न बसते तो दिगूनं काउंटर उघडला आणि बिल बसलं.

म्हणजे चाक फिरणंसुद्धा नाही. तिन्ही पडदे गपगार. कॅमेऱ्यांचा टीव्ही काळा. वर गणूमामांच्या मशीनला नावांची यादी जाईना. खालच्या डब्यावरचे सगळे हिरवे दिवे एकदम लवलव करायला लागले, अंगात आल्यासारखे. आणि दारात वैरागच्या ढेंगळे वहिनींची माणसं टेम्पो लावून उभी. लेकीचं लग्न, रुखवताची अडीचशे भांडी, प्रत्येकावर नाव घालायचं.

“काय हो जिजी, यंत्र रुसलं वाटतं,” ढेंगळे वहिनी म्हणाल्या.

“यंत्र रुसू दे. मी आहे ना,” मी म्हटलं आणि जुनं बिलबुक काढलं. “कागदाला वायर लागत नाही.”

मला मजा वाटली, खोटं कशाला बोलू. बिलबुक घेऊन बसले, तोंडी हिशेब, गिऱ्हाईक कौतुकानं बघतंय. पण गर्दी वाढत गेली आणि मागं रांग दारापर्यंत गेली. एक लग्नाची पार्टी समोरच्या दुकानात गेली. ते मात्र मला झोंबलं.

दिगू सगळ्यांसमोर प्रणिताला म्हणाला, “तुला सांगितलं होतं ना, सोलापूरचा माणूस आणू? घरच्या घरी प्रयोग केले की असं होतं.”

तिचं तोंड एवढंसं झालं. ती खालच्या डब्यापाशी बसली, दिव्यांकडं बघितलं, आणि एकदम उठून जिन्यानं वर गेली. तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा आलं, वरण.

ती वर पोचली असेल नसेल, खाली दिवे शांत झाले. पडदे उजळले. बिलाच्या मशीननं आपणहून कागद ओकायला सुरुवात केली.

प्रणिता खाली आली. उजवी मूठ मिटलेली, आणि मुठीतनं लाल शेपूट बाहेर डोकावतंय. मी गादीवरून ते बघितलं. तिनं मी बघितलेलं बघितलं.

“काय झालं होतं?” दिगूनं विचारलं.

“माझं चुकलं,” ती म्हणाली. “एक सोय चालू करायची राहिली होती.”

“मग संपला खोलीचा विषय. जिजी, तूच अट घातली होतीस.”

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी ढेंगळे वहिनींना म्हटलं, “वहिनी, जावयाचं पूर्ण नाव घालायचं का नुसतं आडनाव?” आणि बिलबुकात डोकं घातलं.

दुपारी पान लावायला पानाचा डबा उघडला. चुन्याच्या डबीवर तो लाल दोरा ठेवलेला. कळी न सोडता, वायरींवरून अलगद सरकवून काढलेली गाठ, जशीच्या तशी. मी डबा बंद केला. त्या दिवशी पान खाल्लं नाही.

सोमवारी तिनं ठरल्याप्रमाणं वायरींची जोडी बांधली आणि मंगळवारी ओढणी कमरेला बांधून काउंटरला उभी राहिली. मला वाटलं होतं तोंड पाडून उभी राहील. कसलं काय. एक बाई पातेलं उलटंसुलटं करत होती, तिला म्हणाली, “हे नका घेऊ काकू, बूड पातळ आहे, दूध लागेल. ते शेजारचं घ्या.” बाईनं दोन घेतली. विकायला चांगली होती. तेच मला खुपलं. वाईट असती तर ‘हिला इथं ठेवून नुकसान’ असं तरी म्हणता आलं असतं.

तेवढ्यात कोपऱ्यावरच्या पतसंस्थेचे साहेब आले. भांडी घ्यायला नाही, बोलायला.

“दिगंबरशेठ, आमची सगळी कॉम्प्युटर चार दिवस बंद पडल्यासारखीच आहेत. सोलापूरचा माणूस आज येतो, उद्या येतो करतोय. तुमच्या घरी हे काम करतात म्हणे कुणी?”

“नाही हो,” दिगू म्हणाला. “ते आता बंद केलं.”

प्रणिता एका गिऱ्हाइकाचे पेले वर्तमानपत्रात गुंडाळत होती. तिचा हात थांबला नाही. पण एकाच पेल्याला तिनं तीन कागद गुंडाळले.

साहेब गेले. मी गादीवरून उठून तिच्याशेजारी जाऊन उभी राहिले. गादीवरून मी गिऱ्हाइकासाठीसुद्धा उठत नाही.

“पानाच्या डब्यात दोरा कुणी ठेवला?”

“कुठला दोरा?”

“तुला काही माहीतच नाही.”

“मला वायरी कळतात, जिजी. दोरे तुम्हाला.”

“दिगूला का नाही सांगितलंस?”

तिनं चौथा कागद घेतला. “काय सांगणार? रांग दारापर्यंत. त्या सगळ्यांसमोर म्हणू, की हे जिजींनी केलं? मग उद्यापासून तुमचं कोण ऐकेल? आणि तुमचं कुणी ऐकलं नाही तर तुमच्याकडं मागायचं तरी काय?”

“एवढा पुढचा विचार.”

“शिवाय अर्धी चूक खरंच माझी होती. दुसरी वायर लावल्यावर झालं काय, तर एक निरोप ह्या वायरीनं वर गेला, त्या वायरीनं खाली आला, परत वर, परत खाली. गल्लीतल्या चहाडीसारखा. थांबेचना. तो फेरा अडवायची सोय डब्यात असते. काम लवकर उरकावं म्हणून मी ती बंद ठेवली होती. चालू असती, तर तुम्ही लावलेली वायर डब्यानं आपणहून गप्प बसवली असती.”

“म्हणजे मला गप्प बसवायची सोय आहे त्यात.”

“आहे,” ती म्हणाली. “म्हणून तर डबा महाग आहे.”

आमच्याकडं दुपारी दुकान दोन तास बंद असतं. सगळी जेवायला गेली. मी कपाटातनं माझी छिन्नी आणि हातोडी काढली. अकरा वर्षं हात लावला नव्हता. छिन्नीला गंज नव्हता, गणूमामा तेल देत असणार. जिना चढले. वरच्या डब्याला पत्र्याचं कपाट बसवलं होतं, त्याला पुढं दार. दार बिजागरीतनं काढून मांडीवर घेतलं आणि बसले.

आम्हा लोकांत भांड्यावर पुरुषाचं नाव असतं. बाईनं घेतलेलं असो, बाईनं घासलेलं असो, नाव त्याचं. मी तोवर हजारोंनी नावं घातली होती. माझ्या स्वतःच्या घागरीवरसुद्धा ह्यांचंच आहे. त्यामुळं पहिलं अक्षर काढताना हात थोडा अडखळला. मग लागला.

ठोकण्याचा आवाज ऐकून दिगू वर आला. मागोमाग गणूमामा गुडघे धरत, आणि त्यांच्या मागं प्रणिता, हाताला भात तसाच.

“जिजी, हे काय चाललंय? मशीन आहे ना नावं घालायला.”

“मशीनला वायर लागते,” मी म्हटलं. “वाच.”

दार त्याच्यापुढं धरलं. त्यानं मोठ्यानं वाचलं, कारण लहानपणापासून त्याला मनात वाचता येत नाही.

“चि. सौ. प्रणितास. रविवारी दुसरी वायर मी लावली. चंद्रभागा वेळापुरे.”

खाली तारीख होती. तीही त्यानं वाचली. मग दाराकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि बायकोकडं बघायचं धाडस काही त्याला होईना.

“तू?” एवढंच म्हणाला.

“का? मला वायर लावता येत नाही?”

“अगं पण तू सांगायचंस तरी तेव्हा.”

“आता सांगितलं. ते पण असं सांगितलं, की पुसता येणार नाही. घासायला जाशील तर पत्रा पातळ होईल.” मी कनवटीची किल्ली काढून त्याच्या हातात दिली. “ही खोलीची. मी नाही देणार, तू दे. आणि देताना रविवारी दुकानात जेवढ्यानं बोललास तेवढ्याच मोठ्यानं काहीतरी बोल.”

काय बोलला ते मी ऐकलं नाही. मी छिन्नी पुसत होते. गणूमामा मात्र लगेच म्हणाले, “मग माझी बैठक आजच खाली नेऊ का?” सगळ्यांत घाई त्यांनाच झाली होती.

ह्याला आता बारा वर्षं झाली. पतसंस्था झाली, दोन दवाखाने झाले, मग वैरागची बाजार समिती. खोली पुरेना म्हणून प्रणितानं स्टेशन रोडला मोठी जागा घेतली. तिच्या हाताखाली सात माणसं आहेत, तीन त्यातल्या मुली, आणि शिड्या त्याच चढतात. डबा तीनदा बदलला. पण प्रत्येक वेळी नव्या कपाटाला ती तेच जुनं दार लावते. भोकं जुळत नाहीत, दर वेळी नवी पाडायला लागतात, तरी तेच. कुणी नवं कामाला लागलं की पहिल्या दिवशी त्याला त्या दारासमोर उभं करते आणि म्हणते, “हे वाच. मग वायरीला हात लाव.” म्हणजे माझी चूक मी मेल्यावरही पगारी नोकरीत राहणार.

परवा तिच्या नव्या जागेत सत्यनारायण होता. मी उदबत्ती घेऊन फेरी मारायला निघाले, तर तिन्ही मुली माझ्या मागं मागं. कुठल्याच वायरीला हात लावू देईनात. त्या जुन्या दारापाशी आले. खोली दिल्यापासून माझी फेरी खालच्या जिन्याशीच थांबायची, त्यामुळं ते पुन्हा जवळून बघितलं नव्हतं. आता चष्मा दोनदा बदललाय, म्हणून वाकून बघितलं, आपलं अक्षर कसं टिकलंय. ‘चंद्रभागा’ सुरेख टिकलंय. आणि त्याच्या खाली, कडेला अगदी, आणखी एक ओळ दिसली. मशीनची नाही. हातानं, छिन्नीनं ठोकलेली. किती वर्षांची होती कोण जाणे, कडा काळ्या पडल्या होत्या.

“फेरा अडवायची सोय मी बंद ठेवली होती. प्रणिता.”

मी वळून बघितलं. ती नैवेद्याचं ताट घेऊन उभी होती.

“हे कधी केलंस?”

“त्याच आठवड्यात. तुम्ही शनिवारी बाजाराला गेला होतात तेव्हा. गणूमामांनी छिन्नी दिली.”

बारा वर्षं. आणि मला कुणी एका शब्दानं सांगितलं नाही. मी बोट फिरवून ती ओळ पुन्हा वाचली. ‘फ’ उजवीकडं कललाय, ‘ठ’चं पोट फुटलंय आणि ‘प्र’चा पाय पार दाराच्या कडेला जाऊन टेकलाय.

“अक्षर नीट काढ म्हणून मी सांगितलं होतं तुला,” मी म्हटलं. “पहिल्याच दिवशी.”